गडगडाट चार दिवसांचा, पाऊस दोनशे दिवसांचा

जुलैतली संध्याकाळ. आठ वाजून गेलेत, तरी आयर्लंडच्या आकाशात लख्ख उजेड आहे. जूनच्या अखेरीला तर डब्लिनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. दिवसभर उकडलंय. घरं थंडी अडवायच्या बेतानं बांधलेली, त्यामुळे एकदा आत शिरलेली ऊब बाहेर जायचं नाव घेत नाही. मागच्या अंगणात कचऱ्याच्या चाकाच्या डब्याशेजारी पाय ताणून पडलेला कुत्रा एकदम उठतो. कान मागे, शेपूट पायांत. घरातल्या कुणाला काही ऐकू आलेलं नाही. तो धापा टाकत जिना चढतो, न्हाणीघरात जातो आणि कमोड नि भिंत यांच्यामधल्या फटीत स्वतःला कोंबून घेतो. थोड्या वेळानं नैर्ऋत्येकडून पहिली गुरगुर येते.

मांजर तोवर हॉट प्रेसमध्ये पोचलेलं असतं. हॉट प्रेस म्हणजे गरम पाण्याच्या टाकीभोवतीचं कपाट. हवा इतकी दमट, की धुतलेले टॉवेल आणि चादरी नीट सुकाव्यात म्हणून आयरिश घरात त्या इथंच रचून ठेवतात. मांजराच्या दृष्टीनं याहून चांगली गुहा नाही: अंधार, ऊब, मऊ बिछाना आणि चारी बाजूंनी आडोसा.

वळवाच्या पावसावर वाढलेल्या मराठी माणसाला हे सगळं जरा अतीच वाटेल. चैत्र-वैशाखात दुपारी ढग दाटायचे, धुळीचा लोट उठायचा, दोन-चार कडकडाट व्हायचे आणि मातीचा वास सुटायचा, हे त्याच्या ओळखीचं. आयर्लंडमध्ये मात्र मेघगर्जना ही बातमी असते. वर्षात गडगडाट ऐकू येणारे दिवस बहुतेक ठिकाणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. आयरिश भाषेत मेघगर्जनेला ‘टोर्न्याख’ आणि विजेला ‘टिंट्राख’ म्हणतात. शब्द असे कडाडणारे, पण ते वापरायची वेळ क्वचित येते.

कारण अटलांटिक. गडगडाटी ढग उभा राहायला जमिनीलगत गरम, दमट हवा लागते आणि तिच्या डोक्यावर बरीच थंड हवा लागते. तसं असलं की खालची हवा हलकी होऊन झपाट्यानं वर जाते, ढगात बर्फाचे कण आणि गारेचे दाणे एकमेकांवर आपटतात, त्यातून विद्युतभार वेगळे होतात. आयर्लंडवर येणारी हवा बहुधा समुद्रावरून येते आणि हा समुद्र ऐन उन्हाळ्यातही गारच असतो. खालून आच मिळत नाही, म्हणून ढग पसरट राहतात आणि नुसते झिरपत बसतात. गंमत म्हणजे पश्चिम किनाऱ्यावर गडगडाट हिवाळ्यातही होतो: तेव्हा ध्रुवाकडून आलेल्या बोचऱ्या हवेच्या मानानं समुद्रच उबदार ठरतो आणि तोच चुलीचं काम करतो. उन्हाळ्यात हे काम तापलेली जमीन करते, म्हणून त्या वेळचे ढग देशाच्या मधल्या भागात दुपारनंतर फुगतात.

आणि कधीमधी पाहुणा दक्षिणेकडून येतो. स्पेनच्या पठारावर तापलेली कोरडी हवा उत्तरेकडे सरकते आणि वातावरणाच्या मधल्या थरात झाकणासारखी बसते. हवामानतज्ज्ञ तिला ‘स्पॅनिश प्लूम’ म्हणतात. झाकणाखाली ऊब आणि दमटपणा साठत राहतो, आणि झाकण फुटलं की प्रेशर कुकरची शिटी व्हावी तसं सगळं एकदम वर उसळतं. नेहमी शांत असलेलं हे हवामान बिथरलं तर काय करू शकतं याचा दाखला ११ जून १९६३ ला डब्लिनच्या माउंट मेरियन भागात मिळाला. त्या दिवशीच्या गडगडाटी वादळात तिथं एका दिवसात १८४ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला. मुंबईकर याला ‘जुलैतला एक दिवस’ म्हणेल. डब्लिनमध्ये एवढा पाऊस पडायला एरवी तीन महिने लागतात.

मेट एरिन ही तिथली हवामान संस्था पिवळा, नारिंगी आणि लाल अशा तीन रंगांत इशारे देते. कुत्र्यामांजरांना रंगांचा उपयोग नाही. त्यांचे इशारे वेगळे असतात.

ते नेमके कोणते, याबद्दल घरोघरी एक समजूत आहे: कुत्र्याला आपल्यापेक्षा खोल आवाज ऐकू येतो म्हणून वादळ त्याला आधी कळतं. मोजमाप उलटं सांगतं. माणसाचा कान साधारण २० हर्ट्झपासून आवाज पकडतो. कुत्र्याचा सुमारे ६५ हर्ट्झपासून. त्याची खरी चमक वरच्या टोकाला आहे, जिथं आपण २०,००० ला थांबतो आणि तो ४५,००० हर्ट्झपर्यंत जातो; मांजर तर त्याच्याही पुढे. मधल्या नि वरच्या पट्टीतले बारीक आवाज मात्र त्याला आपल्याहून कितीतरी लवकर ऐकू येतात. शिवाय वारा फिरलेला असतो, पावसाचा वास आलेला असतो, उजेड पिवळट झालेला असतो. आणि घरातलं माणूस लगबगीनं दोरीवरचे कपडे काढत असतं, हा तर सगळ्यात ढळढळीत इशारा.

दुसरी समजूत स्थिर विजेची. कुत्र्याच्या केसांत विद्युतभार साठतो, त्याला चटके बसतात, म्हणून तो नळ आणि फरशीच्या आसऱ्याला न्हाणीघरात जातो, असं सांगतात. यावरून भार साठू न देणारे अंगरखेही बाजारात आले. निकोल कॉटम आणि निकोलस डॉडमन या अमेरिकी संशोधकांनी २००९ मध्ये अशा अंगरख्याची परीक्षा घेतली. काही कुत्र्यांना खरा अंगरखा घातला, काहींना दिसायला तसाच पण भार रोखणारं अस्तर नसलेला. भीती दोन्ही गटांत कमी झाली आणि दोहोंत ठोस फरक दिसला नाही. म्हणजे अंगरख्यातल्या विशेष अस्तराची करामत सिद्ध झाली नाही.

गडगडाट मुळात आहे काय? विजेच्या वाटेतली हवा क्षणार्धात सुमारे ३०,००० अंशांपर्यंत तापते, सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट. ती स्फोटासारखी फाकते आणि धक्क्याची लाट उठते. विजेची वाट काही किलोमीटर लांब नि वेडीवाकडी असते, त्यामुळे जवळच्या टोकाचा आवाज आधी पोचतो आणि लांबच्या टोकाचा मागून घरंगळत येतो. उंच पट्टीचा आवाज वाटेत विरतो, म्हणून दूरचं वादळ घुमतं आणि डोक्यावरचं कडाडतं. पंधराएक किलोमीटरपलीकडचा गडगडाट सहसा ऐकू येत नाही.

प्राण्याच्या अंगात त्या वेळी काय चालतं, हे अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठातल्या नॅन्सी ड्रेशेल आणि डग्लस ग्रेंजर यांनी २००५ मध्ये मोजलं. वादळाला घाबरणाऱ्या १९ कुत्र्यांना त्यांच्याच घरी गडगडाटाचं ध्वनिमुद्रण ऐकवलं आणि लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक तपासलं. ते २०७ टक्क्यांनी वाढलं, म्हणजे तिप्पट झालं, आणि चाळीस मिनिटांनीही मूळ पातळीवर आलं नव्हतं. मालकांच्या लाळेत तशी वाढ नव्हती. ज्या घरांत आणखी कुत्री होती तिथली कुत्री कमी बिथरली आणि लवकर सावरली; मालक कसा वागला यानं मात्र आकड्यांत फरक पडला नाही. तेव्हा ‘तुम्ही घाबरता म्हणून कुत्रा घाबरतो’ असं शेजारच्या आजी म्हणाल्या, तर त्यांना चहा द्यावा आणि विषय बदलावा.

फिनलंडमधल्या सुमारे १३,७०० पाळीव कुत्र्यांची पाहणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतल्या ३२ टक्के कुत्र्यांना आवाजांची भीती होती, आणि वागण्यातल्या तक्रारींत हीच सर्वांत मोठी. ज्या जातींत ती अधिक आढळली त्यांत व्हीटन टेरियर होता. हा अस्सल आयरिश शेतकऱ्याचा कुत्रा. पिकलेल्या गव्हाच्या रंगाची मऊ लव, काम उंदीर मारायचं, गुरं हाकायचं आणि दार राखायचं. १९३७ मध्ये सेंट पॅट्रिकच्या दिवशीच त्याला आयरिश केनेल क्लबची अधिकृत मान्यता मिळाली. असा दणकट गडी विजेला भितो हे त्याच्या मालकांना पटत नाही, पण भीती अंगकाठी बघून येत नाही.

पण वर्षात चार-पाच दिवसच गडगडणार असेल, तर एवढी चिंता कशाला? इथंच आयर्लंडची खरी अडचण आहे. भ्यालेला प्राणी फक्त आवाज लक्षात ठेवत नाही. त्या वेळी भोवताली जे जे होतं ते सगळं आवाजाला जोडून ठेवतो. खिडकीवर आपटणारे थेंब, काचेच्या पडवीच्या छपरावरची तडतड, अंधारलेली खोली. एका भयंकर संध्याकाळनंतर काही कुत्री नुसत्या पावसालाही थरथरू लागतात. महाराष्ट्रात असा कुत्रा निदान दिवाळीपासून वळवाच्या सरींपर्यंत सुखात राहील. आयर्लंडमध्ये पूर्वेकडे वर्षाचे सुमारे १५० आणि पश्चिमेकडे सुमारे २२५ दिवस किमान एक मिलिमीटर पाऊस पडतो. पश्चिमेकडच्या गॉलवेतल्या कुत्र्यानं पावसाचा धसका घेतला, तर त्याचं उभं वर्षच गेलं.

फटाक्यांची गोष्ट वेगळी. सामान्य माणसाला बहुतेक फटाके विकत घ्यायला आणि उडवायला तिथं कायद्यानं बंदी आहे, तरी हॅलोवीनच्या आसपास ते उडतातच; पण तारीख ठरलेली असते, घर तयारीत असतं. वीज कॅलेंडर बघून येत नाही. म्हणून गडगडाटाची तयारी कोरड्या, कंटाळवाण्या दिवशी करावी लागते, आणि अशा दिवशी ती कुणाला सुचत नाही.

तयारी कसली? बर्न विद्यापीठातल्या स्टेफनी रीमर यांनी फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्यांच्या १,२०० हून अधिक मालकांना विचारलं, कशाचा उपयोग झाला. (फटाके आणि मेघगर्जना एक नव्हेत, पण भीती जवळची आहे.) प्रत्येक आवाजानंतर खाऊ देणं किंवा खेळणं, यानं फायदा झाल्याचं ७० टक्क्यांहून अधिक जणांनी सांगितलं. शांत पडून राहायचं शिक्षण आणि डॉक्टरांनी दिलेली औषधं त्याच्या जवळपास होती. आवाजाच्या ध्वनिमुद्रणांवरचा सराव निम्म्याहून थोड्या अधिकांना लाभला. अंगाला घट्ट बसणारा अंगरखा निम्म्याहून कमींना. वासाच्या आणि जडीबुटीच्या उपायांचे आकडे बरेच खाली होते.

खाऊ देण्यात क्रम महत्त्वाचा. आधी आवाज, मग खाऊ. उलटं केलं तर डबा उघडल्याचा आवाजच वादळाची वर्दी ठरतो. इथं भौतिकशास्त्र मदतीला येतं: प्रकाश लगेच दिसतो, आवाजाला किलोमीटरमागे तीन सेकंद लागतात. वीज दोन किलोमीटरवर असेल तर हाताशी सहा सेकंद आहेत. चमकलं की हात चुपचाप खिशातल्या चीजकडे, गडगडलं की तुकडा तोंडाशी. कुत्रा खात नसेल तर भीती फार पुढे गेलीय असं समजावं. मग पडदे ओढावेत, दिवे लावावेत, रेडिओचा आवाज वाढवावा आणि त्याला हवं तिथं बसू द्यावं. न्हाणीघर तर न्हाणीघर. जवळ आला तर कुरवाळावं. ‘लाड केले तर भीती वाढते’ हा जुना समज चुकीचा आहे. भीती ही काही खाऊ मिळवण्यासाठी केलेली युक्ती नव्हे. मात्र ओढून मांडीवर घेऊ नये, आणि मांजराच्या बाबतीत तर हॉट प्रेसचं दार किलकिलं ठेवण्यापलीकडे काही करू नये.

ध्वनिमुद्रणावर सराव करायचा असेल तर मोबाइलचा स्पीकर कुचकामी. गडगडाटाचा जीव त्याच्या खोल घुमण्यात असतो आणि ते मोबाइलमधून येतच नाही. मोठ्या स्पीकरवर, पण अगदी हळू सुरुवात करावी. कुत्रा शांत असेल तेव्हाच आवाज चढवावा. खिडकीच्या काचा थरथरतात तो भाग मात्र कुठल्याच स्पीकरला साधत नाही.

एक गोष्ट सहज नजरेआड होते. आयुष्यभर न भ्यालेला कुत्रा उतारवयात अचानक आवाजाला दचकू लागला, तर आधी सांधे तपासावेत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात, अंगदुखी असलेल्या कुत्र्यांत ही भीती इतर भित्र्या कुत्र्यांपेक्षा सरासरी जवळजवळ चार वर्षं उशिरा सुरू झालेली दिसली. दचकल्यावर अंग आखडतं, दुखऱ्या जागी कळ येते आणि आवाज नि कळ यांची गाठ पडते. दुखणं बरं केलं की भीतीवरचे उपायही लागू पडतात. घरातली माणसांची गोळी मात्र देऊ नये. आपली साधी वेदनाशामकंही कुत्र्याला घातक ठरू शकतात, आणि पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

दार बंद ठेवणं हाही उपचारच. घाबरलेला कुत्रा कुंपण ओलांडतो आणि दिशा न बघता पळतो. ३१ मार्च २०१६ पासून आयर्लंडमध्ये प्रत्येक कुत्र्याला मायक्रोचिप बसवणं सक्तीचं आहे. तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप कातडीखाली असते, तिच्यात पंधरा अंकी क्रमांक असतो आणि हरवलेला कुत्रा सापडला की त्यावरून घर शोधता येतं. घर बदलल्यावर नोंदणीतला फोन नंबर बदललेला नसेल, तर मात्र पंधरा अंक नुसतेच अंक. मांजरांना ही सक्ती नाही.

शेतावरच्या जनावरांची गोष्ट थोडी निराळी. आयर्लंडमध्ये माणसं पन्नास लाखांच्या वर आणि गुरं त्याहून जास्त, सुमारे सत्तर लाख. पाऊस आला की ती झाडाखाली गोळा होतात, आणि वीज झाडावर पडली तर जमिनीतून पसरणारा प्रवाह पुढच्या पायातून चढून मागच्या पायातून उतरतो, वाटेत हृदय. माणसाच्या दोन पायांत अंतर कमी, गायीच्या पुढच्या-मागच्या पायांत जास्त, म्हणून तिला धोका अधिक. तिच्यासाठी हॉट प्रेस नाही.

रात्री साडेदहापर्यंत वादळ आयरिश समुद्रावर सरकतं. क्षितिजावर अजून लकलकतंय, पण आवाज पोचत नाही. कुत्रा न्हाणीघरातून बाहेर येतो, पाण्याचं भांडं एका दमात रिकामं करतो आणि जिन्याच्या पायथ्याशी कोसळतो. सकाळी नेहमीची भुरभुर लागलेली. मालकीणबाई रेनकोट घालून मागचं दार उघडतात, मुठीत चीज. कुत्रा उंबऱ्यावर थांबतो, नाक वर करतो. एक थेंब नाकावर पडतो, त्यापाठोपाठ तोंडाशी चीजचा तुकडा येतो. पुढचे दोन पाय बाहेर. दुसरा तुकडा. मागचे दोन पाय अजून घरात आहेत, आणि मांजर अजून टॉवेलांवर.