चिकटवही डॉट पीएनजी

फोनच्या गॅलरीत आत्ता किती फोटो आहेत, बघा जरा. चार हजार? नऊ हजार? त्यातले अर्धे स्क्रीनशॉट, पाव हिस्सा परीक्षेच्या आदल्या रात्री मागवलेल्या नोट्स आणि उरलेल्यांत एकाच सूर्यास्ताचे सतरा फोटो. फोटो काढणं फुकट झालं आणि बघणं बंद पडलं. पण याच पसाऱ्यातून चार फोटो उचलून, ते एका पानावर नीट बसवून, शेजारी दोन ओळी लिहून ठेवणारी एक जमात ऑनलाइन जोरात आहे. त्यांच्या छंदाचं नाव डिजिटल स्क्रॅपबुकिंग. मराठीत यासाठी आधीपासून एक झकास शब्द आहे, चिकटवही. फक्त इथे डिंक नाही, कात्री नाही आणि बोटं चिकट होत नाहीत.

इथल्या पानाला ‘लेआउट’ म्हणतात. कागदी स्क्रॅपबुकच्या जमान्यातलं १२ इंच बाय १२ इंचांचं चौकोनी पान डिजिटलमध्येही तसंच आलंय. चांगलं छापून हवं तर इंचाला ३०० ठिपके लागतात, म्हणजे फाइल ३६०० बाय ३६०० पिक्सेलची. (हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.) पानाच्या तळाशी ‘पेपर’, म्हणजे बॅकग्राउंड. त्यावर फोटो. फोटोवर टेप, पिना, बटणं, वाळलेली पानं, तिकिटं असले ‘एलिमेंट्स’. हे सगळं पीएनजीमध्ये असतं, कारण पीएनजीत वस्तूभोवतीचा भाग पारदर्शक ठेवता येतो. जेपीजीमध्ये तेच फूल पांढऱ्या डब्यासकट येतं. प्रत्येक वस्तू वेगळ्या लेयरवर, आणि तिच्याखाली हलकी सावली. ही सावली हीच खरी परीक्षा. नवखा माणूस सगळ्यांना एकच जाड काळी सावली देतो आणि पान हवेत तरंगायला लागतं. कागदाची सावली पातळ हवी, बटणाची जाड, आणि उजेड सगळीकडे एकाच बाजूने यायला हवा.

सॉफ्टवेअरवाचून अडत नाही. फोटोशॉप असेल तर उत्तम. नसेल तर गिंप फुकट आहे आणि त्यातही लेयर आहेत. कॅनव्हावर फोनवरूनसुद्धा पान होतं. आणि हो, पिंटरेस्टवर तासभर बोर्ड भरत बसणं म्हणजे स्क्रॅपबुकिंग नव्हे. तिथे तुमचं स्वतःचं काहीच नसतं.

हा छंद जुना आहे, आणि त्याच्या इतिहासात चक्क मार्क ट्वेन आहे. वहीत कात्रणं चिकटवताना डिंकाचा जो राडा होतो, त्याला वैतागून या लेखकाने आधीच डिंक लावलेल्या पानांची वही तयार केली. पान ओलं करा, कात्रण चिकटवा. १८७३मध्ये त्याला तिचं पेटंट मिळालं आणि ती विकलीही गेली. आज आपण ज्याला स्क्रॅपबुकिंग म्हणतो, त्याची लाट मात्र अमेरिकेतल्या युटा राज्यातून आली. तिथल्या मॉर्मन समाजात घराण्याच्या नोंदी जपण्याला फार महत्त्व. मेरिलेन क्रिस्टेन्सन या बाईंनी १९८०मध्ये सॉल्ट लेक सिटीतल्या एका जागतिक परिषदेत आपल्या कुटुंबाचे अल्बम मांडले आणि पुढच्याच वर्षी स्पॅनिश फोर्क या गावात या सामानाचं दुकान थाटलं. पुढे डिजिटल कॅमेरे आले आणि कागद-कात्रीवाल्या मंडळींपैकी काहींनी हाच उद्योग स्क्रीनवर नेला.

आपल्याकडे? आजोबांच्या कपाटात पेपरच्या अग्रलेखांची कात्रणवही असते. आपल्या पिढीकडे दहावीच्या निरोप समारंभाची स्लॅम बुक, चमकीच्या पेनाने भरलेली. आणि आपल्या मोठ्या दादा-ताईंकडे ऑर्कुट होतं, जिथे मेसेजला ‘स्क्रॅप’ आणि भिंतीला ‘स्क्रॅपबुक’ म्हणायचे. म्हणजे शब्द आपल्याला नवा नाहीच.

आता कम्युनिटीबद्दल. एकट्याने पान करून लॅपटॉपमध्ये ठेवलं तर ते दुसऱ्या पानापर्यंत पोहोचत नाही, हा बहुतेकांचा अनुभव. म्हणून गॅलरी असते आणि चॅलेंज असतात. या आठवड्यात फक्त दोन रंग. या आठवड्यात फोटोशिवाय पान. या आठवड्यात ‘लिफ्ट’, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या लेआउटची रचना घ्यायची, फोटो आणि गोष्ट स्वतःची टाकायची आणि खाली मूळ माणसाचं नाव लिहायचं. कॉलेजमध्ये याला कॉपी म्हणतात. इथे नावासकट केली की तो सन्मान. मला या जगातली सर्वात आवडलेली गोष्ट म्हणजे प्रत्येक पानाखाली असलेली श्रेयनामावली: फोटो कुणाचा, किट कुणाचं, टेम्प्लेट कुणाचं, फॉन्ट कोणता. इन्स्टावरच्या रील्सखाली हे कधी बघितलंय?

न आवडलेली गोष्टही सांगते. कौतुकाचा पाऊस फार पडतो. ‘सो क्यूट’, ‘लव्ह धिस’, तीन बदाम. त्यातून कुणी काही शिकत नाही. ‘तुझ्या फोटोतला चेहरा उजवीकडे बघतोय, मग मजकूर डावीकडे का?’ असं विचारणारा एखादाच असतो आणि तो एकटा शंभर बदामांना भारी असतो.

मराठीत पान करायला बसलात की एक खास डोकेदुखी समोर येते. फोटोशॉपमध्ये ‘मिसळ’ टाइप करा. सेटिंग चुकीची असेल तर वेलांटी ‘म’च्या पुढे जाऊन बसते आणि जोडाक्षरांचे पाय मोडतात. उपाय सोपा आहे. प्रेफरन्सेसमध्ये टाइप या भागात जाऊन भारतीय लिपी नीट जुळवणारं ‘वर्ल्ड-रेडी’ इंजिन निवडायचं. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी जण पानावर ‘फॅमिली टाइम’ इंग्रजीतच लिहून मोकळे होतात. आता फॉन्टचीही सबब चालणार नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने केलेले मुक्ता, बलू आणि मोदक हे देवनागरी फॉन्ट गुगल फाँट्सवर फुकट आहेत. मोदक तर नावासारखाच गुबगुबीत, गणपतीच्या पानासाठी झक्कास. हाताने लिहिल्यासारखं हवं असेल तर ‘कलम’ आहे.

फुकटावरून आठवलं. गुगलवर सापडलं म्हणजे फुकट, हा समज इथे पहिल्याच दिवशी मोडतो. किट विकत घेतलं तरी ते बहुतेकदा ‘पर्सनल यूज’साठी असतं. स्वतःच्या पानात हवं तितकं वापरा, पण त्यातलं फूल काढून मित्राला पाठवायचं नाही आणि त्याचे स्टिकर छापून कॉलेज फेस्टमध्ये विकायचे तर मुळीच नाही. विकायचं असेल तर ‘कमर्शियल यूज’चा परवाना वेगळा. किट बनवणारी व्यक्ती अनेकदा घरून एकटीच काम करते आणि फाइल वाटली गेली की तिची विक्री थेट बुडते. खरंच मोकळं असलेलं सामान हवं असेल तर म्युझियम गाठा. न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमने २०१७मध्ये पावणेचार लाखांच्या आसपास चित्रं कुणालाही, कशासाठीही वापरायला मोकळी केली. स्मिथसोनियनने २०२०मध्ये २८ लाख. जुनी वनस्पतीचित्रं, पक्षी, नकाशे, कापडांवरची नक्षी, सगळं तिथे आहे.

आणि घरचं सामान तर आहेच. एसटीचं तिकीट, मेसचं कार्ड, लग्नपत्रिकेचा कोपरा, आजीच्या साडीचा काठ. स्कॅन केलं की एलिमेंट तयार. फक्त मशीनमधून निघणारी हल्लीची तिकिटं उष्णतेवर छापलेली असतात, ती काही महिन्यांत पांढरी पडतात. ती ठेवून देऊ नका, आल्या आल्या स्कॅन करा.

इथपर्यंत सगळं गोड आहे. पण मी हा विषय घेतला तो माझ्या रूममेटमुळे. ती चिपळूणची. २०२०च्या लॉकडाउनमध्ये अकरावी-बारावीच्या मधल्या रिकाम्या महिन्यांत तिने घरचा जुना अल्बम स्कॅन करून लेआउट करायला घेतले. आजी-आजोबांचं लग्न, आत्यांच्या मुंजी-बारशांची गर्दी, दारातली जुनी सायकल. सत्तावीस पानं झाली. ती एका परदेशी कम्युनिटीच्या गॅलरीत टाकत गेली. गॅलरीचा नियम असा की फोटो ८०० पिक्सेलपेक्षा मोठा चालणार नाही. तिनेही विचार केला नाही, कारण मोठ्या फाइल घरच्या कॉम्प्युटरमध्ये होत्या.

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. तिचं घर तळमजल्यावर. अल्बम गेला आणि कॉम्प्युटरही गेला. माणसं वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे होती, सुखरूप. चिखल काढताना अल्बमची पानं एकमेकांना चिकटून त्याची वीट झाली होती, असं ती सांगते. उरलं ते फक्त गॅलरीतलं. आणि मागच्या वर्षी त्या गॅलरीची मेल आली: महिन्याभरात साइट बंद होतेय, आपलं सामान काढून घ्या.

हे काही पहिल्यांदा घडलेलं नाही. याहूने जिओसिटीज २००९मध्ये बंद केलं. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ला गेलं, त्यासोबत लाखो स्क्रॅप. फोटोबकेटने २०१७मध्ये अचानक दुसऱ्या साइटवर फोटो दाखवण्यासाठी वर्षाला ३९९ डॉलर मागितले आणि रातोरात जगभरातल्या पानांवर फोटोच्या जागी राखाडी पाटी आली. कपडे आणि चित्रांचे कोलाज करणाऱ्यांची लाडकी पॉलीव्होर एप्रिल २०१८मध्ये विकली गेली आणि तिथली कम्युनिटी तिथेच संपली. साइट तिच्या मालकाची असते. आपण तिथे भाड्याने राहतो, तेही भाडं न देता, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करणार?

रूममेटने सत्तावीस पानं उतरवून घेतली. आता तो मघाचा आकडा. चांगल्या छपाईला १२ इंचांसाठी ३६०० पिक्सेल लागतात. ८०० पिक्सेलमध्ये नीट छापलं जातं ते जेमतेम पावणेतीन इंच. मोठं केलं की आजोबांच्या चेहऱ्याचे चौकोन दिसतात. आणि पावणेतीन इंचांच्या पानात लग्नाचा फोटो केवढा, तर पोस्टाच्या तिकिटाएवढा. एआय वापरून फोटो मोठा करता येतो, तिने करून बघितला. चेहरा एकदम गुळगुळीत, छान. पण ते आजोबा नव्हते, आजोबांसारखा कुणीतरी होता. तिने ती फाइल डिलीट केली. मला तिचं पटलं.

मग त्याच कम्युनिटीतल्या, तिने कधीच न भेटलेल्या एका बाईंनी तिच्यासाठी टेम्प्लेट करून पाठवलं. एका १२ इंची पानावर नऊ खिडक्या, प्रत्येक खिडकी अडीच इंचांची. छोटे फोटो छोटेच ठेवायचे, लपवायचे नाहीत. सत्तावीस पानं तीन पानांत बसली. दुसरीकडे तिने नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आवाहन टाकलं. मुंबईच्या चुलत आत्याकडे, सांगलीच्या मावशीकडे त्याच लग्नाचे काही फोटो निघाले. पहिल्यांदा सगळ्यांनी ते साधे फोटो म्हणून पाठवले आणि व्हॉट्सअॅपने ते दाबून छोटे केले. मग तिने प्रत्येकाला फोन करून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला शिकवलं. आत्याला तीनदा.

तेव्हापासून तिचे नियम कडक आहेत आणि आमच्या खोलीत सगळ्यांना लागू आहेत. लेयरवाली मूळ फाइल, सपाट मोठी जेपीजी आणि मूळ स्कॅन, तिन्ही ठेवायचे. एक प्रत हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर, आणि हार्ड डिस्क दुसऱ्या गावात. तिची डिस्क सांगलीला असते. जुने छोटे फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करायचे. प्लॅस्टिकचा कागद असलेल्या चिकट अल्बममधून फोटो ओढून काढायचा नाही, निघत नसेल तर पानासकट स्कॅन करायचा. आणि दुसऱ्याचा चेहरा, शाळेचा बिल्ला किंवा फोन नंबर असलेलं स्लॅम बुकचं पान त्याला विचारल्याशिवाय गॅलरीत टाकायचं नाही. गॅलरीत छोटी प्रतच टाकायची, चोरी टळते. पण मोठी आपल्याकडे आहे ना, हे आधी बघायचं.

या दिवाळीत ती लॅपटॉप घेऊन आजीशेजारी बसली होती. स्क्रॅपबुकमध्ये फोटोशेजारच्या मजकुराला ‘जर्नलिंग’ म्हणतात आणि नवखे लोक तिथे ‘गुड ओल्ड डेज’ लिहून मोकळे होतात. तिने नावं लिहायला घेतली. आजीने लग्नातल्या फोटोतले एकोणीस जण ओळखले, दोघांचा उल्लेख करताना जुना राग अजून शाबूत होता. मागच्या रांगेत छत्री घेऊन उभा असलेला एक माणूस मात्र आजीलाही आठवेना. नवऱ्याकडचा नाही, माहेरचा नाही. मांडववाला असेल का? पानावर त्याच्याखाली लिहिलंय, ‘छत्रीवाले काका’. पान फॅमिली ग्रुपवर गेलंय, डॉक्युमेंट म्हणूनच. आतापर्यंत चौदा जणांनी बघितलं आणि तिघांनी तीन वेगळी नावं सांगितली.