खालच्या थराचा रंग

इंदापूरहून एस.टी.ने बारामतीला कॉलेजला येणारा एक विद्यार्थी अधूनमधून माझ्याकडे डोकावतो. त्याचे वडील घरांना रंग देण्याचे काम करतात. मागे तो मुंबईला गेला होता. तिथे एका संग्रहालयात त्याने वासुदेव गायतोंडे यांचे मूळ चित्र पाहिले आणि तेव्हापासून त्याला दुसरा विषय सुचेना. मला म्हणाला, "चाचा, पुस्तकात ते नुसते पिवळे दिसते. समोर उभे राहिले की हळूहळू आतून दुसराच रंग वर येतो."

हे कसे घडते? तांबडा आणि पिवळा एकत्र कालवला तर एकच नारिंगी मिळतो. पण तांबडा वाळू देऊन त्यावर पातळ पिवळा चढवला, तर उजेड वरच्या थरातून खाली जातो आणि खालचा रंग घेऊन परत येतो. डोळ्याला दोन्ही रंग एकदम दिसतात, म्हणून खोली जाणवते.

गायतोंडे यांचा जन्म १९२४ साली नागपूरचा. १९४८ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूलमधून बाहेर पडले. पुढे ब्रश बाजूला ठेवून ते रोलर आणि पॅलेट नाइफने काम करू लागले. रंग चढवायचा, थोडा काढायचा, कागदाच्या तुकड्यांनी रंग उमटवायचा, पुन्हा थर द्यायचा. आपल्या चित्रांना 'अमूर्त' म्हणणे त्यांना पटत नसे. वर्षाकाठी त्यांची मोजकीच चित्रे पुरी होत. २००१ साली ते गेले. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले.

'पण त्यात चित्र कुठे आहे?' असे कोणीही विचारील. इंदापूरकडच्या माणसाला मी उजनीचे उदाहरण देतो. धरणाच्या पाण्याखाली जुने पळसदेव आहे. उन्हाळ्यात पाणी फार उतरले की पळसनाथाचे देऊळ उघडे पडते. ज्याला हे ठाऊक आहे, त्याला भरलेले पाणीसुद्धा नुसते पाणी दिसत नाही. माझी कविताही अशीच होते. खोडलेल्या ओळी छापल्या जात नाहीत, पण उरलेल्या ओळींना वजन त्यांच्यामुळेच येते.

मुलाला चित्रकलेच्या पदविकेला जायचे आहे. वडिलांचे म्हणणे, "रंग फासून पोट भरत नाही, हे माझ्याएवढे कोणाला माहीत?" त्यांचे चुकते असे मी कसे म्हणू? तरी मुलाच्या आग्रहाखातर एका रविवारी इंदापूरला गेलो. अंगणात ते रोलर धूत बसले होते. मुलाने पुस्तकातले चित्र पुढे धरून थरांची सगळी हकिगत सांगितली. रोलरचे नाव निघताच त्यांनी हात पुसले आणि पुस्तक जवळ घेतले.

"पहिला हात वाळायला किती दिवस ठेवायचा हा माणूस?"

"घाई करत नसत, अब्बा. वर्षाला पाच-सहाच चित्रे."

"मग बरोबर. ओल्यावर दुसरा हात मारला की खालचा फुगून वर येतो."

प्रवेशाच्या फॉर्मवर त्यांनी अजून सही केलेली नाही. मात्र पुस्तक त्यांनी परत दिले नाही, रात्री पुन्हा बघतो म्हणाले.