आभासी यंत्रांची नेटवर्क साठवण : बिघाड व निदान

नेटवर्क साठवण ही यजमान सर्व्हरच्या बाहेर, नेटवर्कच्या दुसऱ्या टोकाला असलेली सामायिक डिस्कव्यवस्था होय. एका यजमानावर अनेक आभासी यंत्रे, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालतात. त्यांच्या डिस्क प्रत्यक्षात या साठवणीत असतात. त्यामुळे एक यजमान बंद पडला तरी तीच यंत्रे दुसऱ्यावर सुरू करता येतात. मात्र साठवणीशी संपर्क तुटला, तर सारी यंत्रे एकाच वेळी गोठतात.

यासाठी दोन पद्धती विशेष रूढ आहेत. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ साली आणलेली एनएफएस फायलींच्या पातळीवर काम करते. आयस्कझी (मानक २००४) यजमानाला जणू स्वतःचीच डिस्क जोडल्याचा भास निर्माण करते.

== वीजपुरवठा ==
अकोला-अमरावतीकडे भारनियमन नवे नाही. सर्व्हर आणि साठवण यूपीएसवर, पण मधला स्विच मात्र भिंतीवरच्या साध्या सॉकेटवर, अशी जोडणी लहान कार्यालयांत असू शकते. वीज क्षणभर गेली की स्विच पुन्हा सुरू होईपर्यंत संपर्क तुटतो. लिनक्स साधारणतः डिस्कच्या उत्तराची ३० सेकंद वाट पाहते. खंड लांबल्यास फाइलव्यवस्था केवळ वाचनापुरती उरू शकते. मग नेटवर्क परतले तरी यंत्र आपोआप सावरत नाही; फाइलव्यवस्था तपासून ते पुन्हा सुरू करावे लागते.

पूर्ण अंधारानंतर आधी स्विच, मग साठवण, शेवटी यजमान हा क्रम पाळावा. साठवणीला तयार होण्यास कित्येक मिनिटे लागू शकतात आणि घाईने सुरू झालेल्या यजमानाला ती सापडतच नाही. नावावरून पत्ता सांगणारा डीएनएस सर्व्हरच त्या साठवणीवरील आभासी यंत्र असेल, तर दोघेही एकमेकांची वाट पाहत बसतात. म्हणून साठवणीचा पत्ता आकड्यांत नोंदवणे बरे.

== फसवा बिघाड ==
पिंग चालते, फायलींची यादीही दिसते, पण मोठी फाइल हलवताना काम अडते. अशा वेळी पॅकेटचा आकार तपासावा. दोन्ही टोकांना ९००० बाइट आणि मधल्या स्विचला १५०० बाइट अशी विसंगती असल्यास लहान पॅकेट निघून जातात, मोठी हरवतात. तुकडे न करण्याच्या अटीसह ८९७२ बाइटांचे पिंग पाठवल्यास हा दोष उघड होतो. उरलेले २८ बाइट शीर्षकांचे असतात. नेहमीचे लहान पिंग येथे दिशाभूलच करते.

परवानगी नाकारल्याचा संदेश आल्यास दोष बहुधा तारेत नसून एनएफएसच्या अधिकारांत असतो. साठवण पूर्ण भरली तरीही यंत्रे थांबतात.

== धोका ==
आयस्कझीची डिस्क ओळखता न आल्यास यजमान तिला ‘नवी, रिकामी’ समजून फॉरमॅट करण्याचा पर्याय देऊ शकतो. तो कदापि स्वीकारू नये. त्या डिस्कवरील सर्व यंत्रांची माहिती त्याने नष्ट होऊ शकते. सामायिक वापरासाठी न बनवलेली फाइलव्यवस्था दोन यजमानांनी एकाच वेळी लिहिण्यासाठी उघडली, तरी परिणाम तितकाच वाईट होतो, आणि तो पुष्कळदा उशिरा लक्षात येतो.