मनाची जखम कशी भरते?

"झालं गेलं गंगेला मिळालं. आता तो विषय काढायचा नाही!" घरावर एखादा भयंकर प्रसंग ओढवला की वडीलधारी मंडळी पोरांना, आणि कधीकधी थोरांनाही, असेच बजावतात. त्यामागे माया असते, यात शंका नाही. पण न बोलल्याने आठवण पुसली जाते, हा आपला समज मनाच्या शास्त्राला मान्य नाही. दिवाळीच्या फराळाबरोबर हा गंभीर विषय कशाला, असे वाचक म्हणतील. परंतु सुतळी बाँब फुटताच घरातले कुणी पांढरेफटक पडत असेल, तर हे चार शब्द त्याच्यासाठीच आहेत.

३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट आठवा. गणेशविसर्जन आटोपून गावे झोपली होती. चार वाजायला काही मिनिटे असताना किल्लारीच्या परिसरात धरणी हादरली आणि दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. वाचलेल्यांपैकी कित्येकांना पुढे छपराखाली झोपण्याचा धीर होईना. धोका टळला, तरी भीती का टळू नये?

तज्ज्ञ सांगतात की, साधी आठवण 'हे पूर्वी घडले' अशी खूण घेऊन मनात बसते. भयंकर प्रसंगाची आठवण मात्र आवाज, वास, दृश्ये अशा तुकड्यांनी राहते. त्यांतला एखादा तुकडा जागा झाला की शरीराला वाटते, संकट आत्ताच आले! छाती धडधडते, घाम फुटतो, झोप उडते. या विकाराला १९८० साली अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांनी 'पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर' असे नाव दिले.

मुलांना हे शब्दांत सांगता येत नाही. सहा-सात वर्षांचे मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागते, आईचा पदर सोडत नाही, किंवा ठोकळ्यांचे घर रचून पुनःपुन्हा पाडत बसते. म्हणून तज्ज्ञाच्या खोलीत खेळणी, माती आणि रंग असतात. आधी मुलाला श्वास संथ करायला शिकवतात. मग खेळातून, चित्रांतून ती हकिकत त्याच्याच गतीने बाहेर येते. आईवडिलांनाही या उपचारात सामील करून घेतात. दुसऱ्या महायुद्धात लंडनमध्ये युद्धग्रस्त मुलांसाठी शिशुगृहे चालवणाऱ्या ॲना फ्रॉइड यांना आढळले होते की, बाँबपेक्षाही आईची ताटातूट मुलांना अधिक हादरवते.

मोठ्यांचे काय? माझ्या परिचयाचे एक गृहस्थ ११ जुलै २००६ च्या मुंबईतील लोकलच्या स्फोटांतून वाचले. पुढे स्टेशनची पायरी चढवेना. घरचे म्हणत, "देवानं वाचवलं ना? मग कसली भीती?" शेवटी ते तज्ज्ञांकडे गेले. तिथे त्या संध्याकाळची हकिकत त्यांनी हळूहळू, पुनःपुन्हा सांगितली. मग पहिला आठवडा नुसते स्टेशनबाहेर उभे राहायचे, पुढे फलाटावर बसायचे, नंतर दुपारच्या रिकाम्या गाडीतून एकच स्टेशन जायचे. काही महिन्यांनी ते पूर्वीसारखे कचेरीत जाऊ लागले. मी विचारले, "आता आठवण येत नाही?" ते म्हणाले, "येते की! पण आता कळतं, ती त्या दिवसाची गोष्ट आहे."

उपचाराचे सारे मर्म मला या उत्तरात दिसते.

मात्र एक सावधगिरी हवी. प्रसंग घडताच "काय झालं ते सांग" म्हणून कुणाच्या मागे लागू नये. त्याने अपायही होतो. त्या वेळी हवे असते सुरक्षित ठिकाण, गरम जेवण, आपले माणूस आणि मुलांना नेहमीची शाळा. बहुतेक जण एवढ्यानेच सावरतात. पण महिना उलटूनही दुःस्वप्ने, दचकणे, टाळाटाळ चालूच राहिली, तर तज्ज्ञ गाठावा. सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या 'टेली-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो, आणि तोही मराठीत.

तोवर घरच्यांनी एवढे करावे: भ्यालेल्याला हसू नये, "विसरून जा" म्हणू नये, आणि तो बोलू लागला तर हातातले काम बाजूला ठेवून ऐकावे.