उताऱ्याचा आकडा, दराचा हिशेब आणि भाड्याचा संगणक



काट्यावर ऊस उतरला की पहिला प्रश्न एकच : दर काय बसणार? २०२५-२६ च्या गाळप हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलला ३५५ रुपये एफआरपी ठरविली. उतारा दर ०.१ टक्क्याने वाढला की ३ रुपये ४६ पैसे जास्त, घटला की तेवढेच कमी. मात्र ९.५ टक्क्यांखाली कपात नाही. तिथे ३२९ रुपये ५ पैसे कायम.

हा हिशेब मोबाईलवर दाखवायला कारखान्याने मोठा संगणक विकत घेण्याची गरज नाही. मळणी यंत्र कुणी घरी बांधून ठेवत नाही. काम निघाले की बोलवायचे, तेवढेच भाडे द्यायचे. ॲमेझॉन कंपनीने २०१४ साली ‘लॅम्डा’ नावाने अशीच सोय काढली. हिलाच ‘सर्व्हरलेस’ म्हणतात. सर्व्हर असतोच, पण तो कंपनीचा. आपण फक्त हिशेबाचे चार नियम लिहून द्यायचे. उतारा आत टाकला की दर बाहेर येतो आणि भाडे मिलिसेकंदावर मोजले जाते. बराच वेळ कुणी विचारले नसले तर पहिल्या उत्तराला जरा उशीर लागतो. थंडीतलं डिझेल इंजिनच समजा!

खरी मेख चाचणीत आहे. १०.२५ टाकले, टनाला ३५५० रुपये आले. ११.२५ टाकले, ३८९६ आले. एवढ्यावर समाधान मानू नये. कोल्हापूरच्या मानाने आपल्या सोलापूर भागाचा उतारा कमी पडतो, म्हणून ९.५ आणि ९.२ टाकून बघायलाच हवे. दोन्हींना ३२९० रुपये ५० पैसे आले पाहिजेत. खालची मर्यादा लिहायची राहिली असेल, तर ९.२ ला ३१८६ रुपये ७० पैसे दिसतील. टनाला १०३ रुपये ८० पैशांची तफावत. साठ टनांच्या सभासदाला ६२२८ रुपये! मोबाईलवर दिसलेल्या आकड्यावर माणूस सोसायटीचं देणं, पोराची फी ठरवतो.

मग वेडेवाकडे आकडेही टाकावेत. रिकामी जागा, टिंब विसरून १०२५, आकड्याऐवजी अक्षरे. अशा वेळी दर न दाखवता ‘उतारा तपासा’ एवढेच उत्तर यावे.

आणखी एक. नियम दुरुस्त केला तरी ‘डिप्लॉय’चे बटण दाबेपर्यंत जुनाच नियम चालू राहतो. न दाबता चाचणी घेतली तर ती जुन्याचीच होते, आणि माणूस उगाच डोकं धरून बसतो. जुनी आवृत्ती क्रमांक देऊन जपून ठेवता येते. नवीत घोटाळा निघाला तर लगेच तिच्यावर परतता येते.

हा दर तोडणी-वाहतूक वजा होण्याआधीचा आहे, हे त्याच पानावर ठळक लिहावे. नाहीतर बिलाच्या दिवशी गट ऑफिसात गर्दी ठरलेली.