पिस्तूल अडते कोठे ? मॅगझीनमधील स्प्रिंग व प्लेटफॉर्म यांची निगा

सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वर येथे वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्व टोकाकडील माण तालुक्यात, तसेच सांगली जिल्ह्यातील आटपाडी व जत या तालुक्यांत जेमतेम ५०० मिलिमीटर, कित्येक वर्षी त्याहूनही कमी पाऊस होतो. पश्चिमेस पावसाळाभर भिंतींची ओल हटत नाही, तर पूर्वेस उन्हाळ्यात धुळीचे लोट उठतात. बंदोबस्तावरील पोलिसाच्या कमरेचे पिस्तूल मात्र दोन्हीकडे सारखेच असते. ऐन वेळी ते अडले, तर दोष बहुधा पिस्तुलाला किंवा दारूगोळ्याला दिला जातो. प्रत्यक्षात अर्ध-स्वयंचलित पिस्तुलातील पुष्कळसे अडथळे मॅगझीनमध्ये, त्यातही स्प्रिंग आणि तिच्यावर बसणारा प्लेटफॉर्म या दोन साध्या भागांत उद्भवतात.

मॅगझीन म्हणजे पत्र्याची एक अरुंद पेटी होय. तिच्या तळाशी सरकती पट्टी, पट्टीवर स्प्रिंग, स्प्रिंगच्या माथ्यावर प्लेटफॉर्म आणि प्लेटफॉर्मवर काडतुसांची रांग अशी तिची रचना असते. पेटीच्या तोंडाशी आत वळविलेल्या दोन कडा सर्वांत वरचे काडतूस धरून ठेवतात. इशापूरच्या रायफल कारखान्यात तयार झालेले ९ मि.मी. पिस्तूल हे ब्राउनिंग हाय-पॉवर या जुन्या बेल्जियन रचनेवर आधारलेले आहे. त्याच्या मॅगझीनमध्ये १३ काडतुसे नागमोडी रांगेत बसतात व वर येताना एकेरी होतात. गोळी सुटली की स्लाईड मागे जाऊन पुन्हा पुढे येते. हा सारा प्रवास सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळात होतो. तेवढ्या अवधीत स्प्रिंगने पुढचे काडतूस वर उचलून योग्य उंचीवर आणलेच पाहिजे. ते उशिरा आले, तर स्लाईड त्याच्यावरून निघून जाते किंवा त्याच्या मधोमध आदळून थांबते.

दोष कोणत्या गोळीला होतो, हे ध्यानात घेतल्यास अर्धे निदान तेथेच होते. मॅगझीन भरलेले असताना स्प्रिंग सर्वाधिक दाबलेली असते. ते रिकामे होत जाते तसतसा तिचा जोर घटत जातो. म्हणून अखेरच्या दोन-तीन गोळ्यांनाच अडथळा येत असेल, तर स्प्रिंग मरगळली असे समजण्यास हरकत नाही. उलट पूर्ण भरलेल्या मॅगझीनची पहिली-दुसरी गोळीच अडत असेल, तर संशय घर्षणावर घ्यावा. पेटीत धूळ बसली आहे काय, पत्र्याला पोचा पडला आहे काय, हे पाहावे. शेवटची गोळी सुटल्यावर प्लेटफॉर्म स्लाईड स्टॉपला उचलतो आणि स्लाईड मागेच अडकून राहते. तसे घडले नाही, तर स्प्रिंग दुर्बल झाली आहे किंवा प्लेटफॉर्मची कड झिजली आहे. तथापि पुष्कळदा नेमबाजाचा अंगठाच स्लाईड स्टॉपवर टेकलेला असतो. मॅगझीनला दोष देण्यापूर्वी तेवढे तपासावे. काडतुसाचे नाक खाली झुकत असेल, तर प्लेटफॉर्म तिरपा झालेला असतो. कित्येकदा याचे कारण साफसफाईनंतर स्प्रिंग उलटी बसविली गेली एवढेच असते.

संशयित मॅगझीन दुसऱ्या पिस्तुलात व दुसरे मॅगझीन त्याच पिस्तुलात लावून पाहणे ही सर्वांत खात्रीची कसोटी होय. दोष मॅगझीनबरोबर गेला, तर तो मॅगझीनचा. पिस्तुलापाशी राहिला, तर पिस्तुलाचा. यास्तव प्रत्येक मॅगझीनच्या तळपट्टीवर क्रमांक घालून अडथळ्याची नोंद वहीत करण्याची सवय फार उपयोगी पडते. क्रमांकच नसेल, तर दोषी मॅगझीन चांगल्यांत मिसळून जाते आणि पुन्हा कोणाच्या तरी कमरेला लागते.

भरून ठेवल्याने स्प्रिंग मरते, असा समज सर्वत्र आहे. तो अर्धाच खरा आहे. चांगल्या पोलादाची स्प्रिंग तिच्या मर्यादेत दाबून ठेवली, तर आरंभी किंचित बसते आणि मग बराच काळ तशीच राहते. तिला खरा थकवा येतो तो वारंवार भरण्या-रिकामे करण्याने आणि गंजाने. मात्र लहान पेटीत अधिक काडतुसे बसविणाऱ्या रचनांत स्प्रिंग मर्यादेच्या अगदी जवळ दाबली जाते. अशी मॅगझिने आळीपाळीने वापरावीत. मरगळलेली स्प्रिंग हाताने ताणून लांब करण्याचा एक उपाय सर्रास केला जातो, तो मात्र सर्वथा त्याज्य आहे. ताणलेली स्प्रिंग चार दिवस बरी वाटते, पुन्हा बसते आणि वेटोळी असमान झाल्यामुळे प्लेटफॉर्मही तिरपा करते. स्प्रिंग बदलावी, हाच तिचा उपचार.

साफसफाई करताना प्रथम मॅगझीन काढून चेंबर रिकामे असल्याची डोळ्यांनी व बोटाने खात्री करावी. काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत. तळपट्टी सरकविताना स्प्रिंगवर अंगठा दाबून धरावा, अन्यथा ती उसळून डोळ्यास इजा होते. स्प्रिंगचे कोणते टोक पुढे होते, हे काढण्यापूर्वीच पाहून ठेवावे. आतील भाग कोरड्या चिंदीने पुसावा. महाबळेश्वर-जावळीच्या दमट हवेत स्प्रिंगवर तेलाचा हात फिरवून तो लगेच पुसून काढावा. माण-जतकडे तर आत तेल नकोच. तेलावर धूळ बसून तिची चिकट लापशी होते, शिवाय तेल काडतुसाच्या टोपीत झिरपले, तर गोळी उडतच नाही. चामड्याच्या म्यानात पिस्तूल महिनोन्‌महिने ठेवू नये. चामडे ओल धरून ठेवते.

परवानाधारक नागरिकांकडील पिस्तुले बहुधा .३२ बोअरची असतात. या काडतुसाच्या बुडाची कड किंचित बाहेर आलेली असते. भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्या कडेच्या मागे गेली, तर दोन्ही एकमेकांत अडकतात आणि स्प्रिंग कितीही ताजी असली तरी काडतूस सुटत नाही. हा दोष भरणाराचा, मॅगझीनचा नव्हे. .२२ च्या काडतुसालाही अशीच कड असल्यामुळे क्रीडा-नेमबाजांनाही हे ध्यानी ठेवावे लागते. शेजारच्या कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ साली आशियाई क्रीडास्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले, त्याच्या जलद टप्प्यात प्रत्येक गोळीसाठी लक्ष्य केवळ ३ सेकंद समोर असते.

सांगली, पलूस, कराड या भागांतील कारागिरांना लेथवर हवी ती स्प्रिंग वळून देणे मुळीच अवघड नाही. परंतु शस्त्राची दुरुस्ती करण्यास १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवाना लागतो आणि शस्त्राचे सुटे भागही त्याच कायद्याच्या कक्षेत येतात. शिवाय तारेची जात व तिला दिलेले पाणी यांचा मेळ नुसत्या नजरेने साधत नाही. पोलिसाने शस्त्रागारातील आर्मररकडे, नागरिकाने परवानाधारक विक्रेत्याकडेच जावे.

निवडणुकीच्या काळात परवान्यावरील शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. जमा करण्यापूर्वी मॅगझीन रिकामे व कोरडे करावे आणि परत मिळाल्यावर प्लेटफॉर्म बोटाने दाबून तो न अडखळता वर येतो की नाही, हे पाहावे. २०१९ साली कृष्णेचे पाणी सांगलीत घराघरांत शिरले होते. अशा पुराच्या पाण्यात सापडलेले मॅगझीन वरून पुसून चालत नाही, कारण बारीक गाळ वेटोळ्यांच्या आड राहतो. ते पूर्ण खोलून गोड्या पाण्याने धुवावे, त्वरित वाळवावे व आर्मररकडून तपासून घ्यावे. स्प्रिंगवर गंजाचे खड्डे दिसल्यास ती निकालात काढावी, आणि त्यातील भिजलेली काडतुसे पुन्हा वापरू नयेत.