डोळे येणें : कारणें, लक्षणें व नैसर्गिक उपचार

पावसाळा लागून हवा कोंदट झाली कीं डोळ्यांची साथ सुरू होते. २०२३ च्या जुलै महिन्यांत पुण्याजवळ आळंदीस अशीच मोठी साथ आली होती. घरांत एकाचे डोळे आले कीं दोन दिवसांत दुसऱ्याचे येतात, आणि मग मध, तुरटी, आईचें दूध अशीं औषधें पुढें होतात. यांत हितकर काय व घातक काय, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

पापण्यांच्या आंतून व डोळ्याच्या पांढऱ्या भागावर एक पातळ पडदा असतो. त्याचा दाह म्हणजेच डोळे येणें. साथीचा विकार बहुधा विषाणूंमुळें होतो : प्रथम एक डोळा लाल होतो, मग दुसरा, पाणी गळतें व वाळू गेल्यासारखें खुपतें. जंतूंमुळें झाल्यास पिवळट पू येऊन सकाळीं पापण्या चिकटतात. धूळ वा परागामुळें झाल्यास दोन्ही डोळ्यांस खाज फार सुटते. पण हा प्रकार सांसर्गिक नाहीं.

आलेल्या डोळ्यांकडे पाहिल्यानें डोळे येतात, ही समजूत खोटी आहे. स्राव बोटांस लागतो, बोटांचा पंचास, आणि पंचाचा दुसऱ्याच्या डोळ्यांस. काळ्या चष्म्यानें उजेडाचा त्रास कमी होईल. साथ थांबणार नाहीं. ती हात साबणानें धुतल्यानें आणि पंचा, रुमाल, उशीचा अभ्रा निराळा ठेवल्यानें थांबते.

विषाणुजन्य विकार बहुधा एक-दोन आठवड्यांत आपोआप बरा होतो. त्यास साह्य करणें हाच खरा नैसर्गिक उपचार. उकळून निवविलेल्या पाण्यांत कापसाचा बोळा भिजवून पापण्या पुसाव्या. प्रत्येक डोळ्यास नवा बोळा घ्यावा. थंड पाण्याच्या घड्या ठेवाव्या, काजळ बंद करावें, डोळे चोळूं नयेत. मध, दूध वा पाल्याचा रस मात्र डोळ्यांत घालूं नये. त्यांतून नवे जंतु शिरून बुबुळास जखम झाली तर फूल पडून दृष्टि कायमची अधू होते. मागील खेपेची उरलेली औषधाची बाटलीही तितकीच वर्ज्य समजावी. तींत स्टेरॉइड असल्यास कांहीं विकार उलट बळावतात.

डोळा ठणकूं लागला, उजेड सोसेना, दिसणें अंधुक झालें, किंवा डोळ्यांत लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल झाला, तर नेत्रवैद्यांस विलंब न लावतां दाखवावें. आणि बाळंतिणीच्या खोलींत तान्ह्या मुलाच्या डोळ्यांतून पू येऊं लागला, तर घरगुती उपायांत एक दिवसही दवडूं नये. प्रसूतीच्या वेळीं आईकडून लागलेला असा संसर्ग थोड्या दिवसांत दृष्टि हिरावून नेऊं शकतो. वेळेवर औषध मिळाल्यास ती वांचते.